ताशी दहा मिली

आयसीयूच्या बाहेर नातेवाइकांना भेटायची वेळ झाली की मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त ऐकू येतो: "मॅडम, पोटात काही गेलं का?" ऑक्सिजन किती, बीपी किती, हे लोक डॉक्टरांना विचारतात. पोटाचं मला विचारतात. मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं माझं काम मुख्यतः अतिदक्षता विभागातच चालतं. आपल्याकडे घरात कोणी आजारी पडलं की आधी चुलीवर पेज चढते, मग डॉक्टरला फोन जातो. अशा माणसांना "अजून काही दिलेलं नाही, आणि मुद्दामच दिलेलं नाही" हे सांगणं सोपं नसतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं, की त्याला वाटतंय आपलं माणूस आत उपाशी ठेवलंय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. एका आजींच्या निमित्ताने लिहिते; त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी पुरंदर तालुक्यातल्या. साठी ओलांडलेली, थोडी अंजिराची बाग, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणाऱ्या. न्यूमोनिया झाला, तो रक्तात पसरला आणि त्या सेप्टिक शॉकमध्ये गेल्या, म्हणजे संसर्गाने बीपी कोसळलं. रात्री आणलं तेव्हाच व्हेंटिलेटर लावावा लागला. मानेत सेंट्रल लाइन घालायची म्हणून माळ काढली. सिस्टरने ती झिपच्या पिशवीत घालून पलंगाच्या गजाला बांधून ठेवली. सकाळी मी राउंडला पोहोचले तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनलिन किलोमागे मिनिटाला ०.६ मायक्रोग्रॅमवर चाललं होतं, जोडीला व्हॅसोप्रेसिन (दोन्ही बीपी वर ठेवणारी औषधं), लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) ६ च्या वर. हातपाय गार. गुडघ्यांवरची कातडी जांभळट, ठिपक्याठिपक्यांची. लघवी जेमतेम.

माझं पहिलं काम वजन. पलंगाचा काटा ५४ किलो दाखवत होता, पण त्यात आधीच्या दवाखान्यापासून चढवलेलं सलाइन आणि अंगावरची सूज होती. मुलाला विचारलं तर म्हणाला, गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात ४८ भरलं होतं. सगळा हिशेब ४८ वर धरला. दुसरा प्रश्न, घरी शेवटचं नीट जेवण कधी झालं? तो थोडा वेळ गप्प राहिला. दोनेक आठवडे ताप होता, तेवढे दिवस चहा-बिस्किट आणि भाताची पेज, तीही दोन घोट. ही गोष्ट केसपेपरवर कुठेच नव्हती. रक्ताच्या रिपोर्टमध्येही ती दिसत नाही. ती फक्त घरच्यांना ठाऊक असते, म्हणून पेशंट आला की मी आधी घरच्यांशी बोलते. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच माहितीचा झाला.

आमचे रेसिडेंट डॉक्टर नवे होते आणि मनापासून काम करणारे. त्यांनी विचारलं, "मॅडम, आर.टी. (नाकातून पोटात गेलेली नळी) आहेच. फीड (नळीतून द्यायचं अन्न) सुरू करू का? गाइडलाइनमध्ये ४८ तासांच्या आत म्हटलंय." बरोबरच होतं. युरोपातल्या ईस्पेन संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. पण त्याच सूचना पुढे हेही सांगतात की शॉक आटोक्यात आलेला नसेल, ऑक्सिजन आणि रक्तातलं आम्ल हाताबाहेर असेल, पोटात रक्तस्राव चालू असेल, आतडं अडलं असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा धोक्यात असेल, तर थांबा. आजींचा शॉक त्या सकाळी आटोक्यात नव्हता. आमच्या इंटेन्सिव्हिस्ट डॉक्टरांनी चार्टवर लिहिलं, "फीड नाही, सहा तासांनी पुन्हा विचार." मला हे "पुन्हा विचार" फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं "एनपीओ" (पोटात काही द्यायचं नाही) लिहून पान उलटलं की ते दोन दोन दिवस तसंच राहतं, कोणी विचारत नाही.

आतड्याचं शरीरशास्त्र इथे समजून घ्यायला हवं. बीपी कोसळलं की शरीर मेंदू आणि हृदयाकडे रक्त राखतं आणि कातडी, आतडी यांचं तोडतं. वर आम्ही देतो ते नॉरअ‍ॅड्रेनलिनही रक्तवाहिन्या आवळूनच बीपी वर आणतं. आतड्याच्या आतलं अस्तर आधीच तहानलेलं असतं. त्यात अन्न घातलं की ते पचवायला, शोषायला त्याला जास्त रक्त, जास्त ऑक्सिजन लागतो. मागणी वाढली आणि पुरवठा नाही, की आतड्याचा तुकडा मरू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर वाचणारे थोडे. मुलाला मी हे त्याच्या शेतीच्या भाषेत सांगितलं. धरणात पाणी कमी असलं की आधी पिण्याचं राखतात आणि शेतीचं आवर्तन मागे पडतं. आज आईच्या शरीरात तसं चाललंय, आणि कोरड्या पाटावर आपण आजच लागवड करायची नाही. तो शेतकरी माणूस, त्याला लगेच पटलं. "म्हंजे पाणी सुटल्यावर," एवढंच म्हणाला.

हा नुसता अंदाज नाही. फ्रान्समधल्या ४४ आयसीयूंमध्ये शॉकमधल्या, व्हेंटिलेटरवरच्या २,४१० पेशंटवर झालेला 'न्यूट्रिरिया-२' हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला लगेच नळीतून पूर्ण फीड, दुसऱ्याला तेवढंच पोषण शिरेतून. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. पण आतड्याचा रक्तपुरवठा बिघडण्याचं प्रमाण नळीच्या गटात २ टक्क्यांच्या आसपास होतं, शिरेच्या गटात १ टक्क्याहून कमी. मग त्याच मंडळींनी ३,०४४ पेशंटवर 'न्यूट्रिरिया-३' केला, तो २०२३ मध्ये आला. पहिल्या आठवड्यात एका गटाला किलोमागे दिवसाला फक्त ६ कॅलरी, दुसऱ्याला २५. तीन महिन्यांनंतरचे मृत्यू दोन्हीकडे सारखेच. कमी कॅलरीवाले उलट थोडे लवकर आयसीयूतून बाहेर जायच्या स्थितीत आले, आणि उलट्या, जुलाब, आतड्याचे त्रास त्यांच्यात कमी झाले. कारण असं, की आजाराच्या पहिल्या झटक्यात शरीर स्वतःच्या साठ्यातून साखर बनवत असतं आणि बाहेरून अन्न आलं तरी ते थांबत नाही. आपण वरून पूर्ण जेवण ओतलं तर दोन्ही मिळून जास्त होतं.

हे मी नातेवाइकांना आकड्यांसकट सांगते. लोकांना आकडे झेपत नाहीत, असं मला कधीच वाटलं नाही.

"सलाइन चालू आहे ना, त्यातून जेवण मिळतंच की," असं मुलाची आत्या म्हणाली. हा समज फार खोल आहे. एक लिटर नॉर्मल सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं आणि कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण १७० कॅलरी. याच्या उलट, लोकांना जे अन्न वाटत नाही त्यातून अन्न जातं. आजींना झोपेत ठेवायला प्रोपोफॉल चालू होतं. ते चरबीच्या द्रावात विरघळवलेलं असतं, दर मिलीला १.१ कॅलरी. ताशी १० मिलीने दिवसभर चाललं तर २६० हून अधिक कॅलरी झाल्या. फीडच्या हिशेबात हे धरलं नाही तर नकळत जास्त भरवलं जातं.

त्याच संध्याकाळी मुलाने पिशवीतून दोन शहाळी काढली. नळी तर आहेच, निदान नारळपाणी तरी सोडा. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. आजींची किडनी त्या वेळी नीट काम करत नव्हती आणि पोटॅशियम आधीच वरच्या टोकाला होतं. आणखी वाढलं असतं तर हृदयाची लय बिघडली असती. शहाळी त्यालाच प्यायला लावली. सकाळपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं. त्याच्याकडे आळंदीहून आणलेल्या तीर्थाची छोटी बाटलीही होती. घशात व्हेंटिलेटरची नळी असताना तोंडात थेंबभर पाणीही श्वासनळीकडे ओघळू शकतं. सिस्टरने त्याला आत घेतलं, ते तीर्थ कपाळाला लावू दिलं, आणि तोंडात का नको ते शांतपणे समजावलं. अशा सिस्टर असतात म्हणून आमचं काम चालतं.

पुढच्या दीड दिवसात चित्र बदललं. व्हॅसोप्रेसिन बंद झालं, नॉरअ‍ॅड ०.२ वर आलं आणि वर जायचं थांबलं, लॅक्टेट २ च्या जवळ उतरलं, पाय कोमट लागू लागले. मी एकट्या आकड्यावर कधी जात नाही. ०.२ वरून खाली येणारा पेशंट आणि ०.२ वरून वर चढणारा पेशंट, कागदावर दोघे सारखे दिसतात आणि प्रत्यक्षात दोघांची तऱ्हा पूर्ण वेगळी असते. राउंडला ठरलं, सुरू करायचं. ताशी १० मिली.

आधी नळी तपासली. रात्रीच्या धावपळीत घातलेली राईल्स ट्यूब, म्हणजे तीच आर.टी., नेमकी कुठे आहे याची खात्री हवीच. घालताना नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत मोजून तेवढी खूण करतात. सिस्टरने खूण पाहिली, चिकटपट्टी सुटलेली होती ती बदलली, मग एक्स-रे मागवला. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. तिच्यावर विसंबू नये, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. एक्स-रेमध्ये नळी मधोमध खाली उतरून श्वासाच्या पडद्याच्या खाली डावीकडे वळलेली दिसली. पलंगाचं डोकं ३० अंशांच्या वर उचललं. बेंबीच्या पातळीवर पोटाला टेप लावला आणि दोन्ही कुशींवर पेनाने रेघा मारल्या, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर वेगळ्याच जागी मोजणार नाही.

मग पंप लावला. ताशी १० मिली म्हणजे दोन चमचे. दिवसाला २४० मिली, आमच्या फीडमध्ये २४० कॅलरी. हे पोट भरायला नसतंच. आतड्याचं अस्तर जागं राहावं, त्याच्या पेशींना थोडं खाद्य थेट मिळावं, एवढाच त्याचा हेतू. थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन त्याआधीच दिलेलं होतं, त्याचं कारण पुढे येईल. आतड्याचा आवाज येत नाही म्हणून फीड अडवायचं, असा एक जुना नियम होता. तो आता आम्ही पाळत नाही. पाहतो ते पोट फुगतंय का, ताणून टणक होतंय का, दुखल्यासारखा चेहरा आक्रसतोय का, लॅक्टेट कारण नसताना पुन्हा चढतंय का, नॉरअ‍ॅड वाढवावं लागतंय का.

त्या रात्री ते वाढवावं लागलं. दोननंतर बीपी खाली आलं, डोस दुपटीने वर गेला. रात्रीच्या सिस्टरने कोणाला न विचारता आधी पंप थांबवला, मग डॉक्टरांना उठवलं. अगदी असंच व्हायला हवं. पोट मऊ होतं, मोजमाप तेच होतं, लॅक्टेट फार हललं नव्हतं. कारण वेगळंच निघालं, एका जागी पू साठत होता, तो काढल्यावर पहाटेपर्यंत सगळं पुन्हा खाली आलं. दुपारी पुन्हा १० मिली सुरू. नातेवाइकांना ही मागेपुढे होणारी चाल आधीच सांगून ठेवावी. नाहीतर "काल दिलं, आज बंद केलं" एवढ्यानेच त्यांचा धीर सुटतो.

अस्थिरपणा नेहमी शॉकचाच असतो असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली तेव्हा पुण्यातल्या आयसीयूंनी ते जवळून पाहिलं. दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. या आजारात हातापायांबरोबर गिळायचे स्नायू जातात, आणि बीपी, हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात. बीपी दहा मिनिटांत १८० वरून ८० वर येतं आणि काही न करता पुन्हा चढतं. आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं. तिथे बीपीचा एक वाईट आकडा पाहून फीड बंद केलं तर पेशंट आठवडाभर उपाशी राहील. प्रत्येक वेळी विचारावं लागतं, हा आकडा का पडला?

आजींकडे परत येते. फीड २० मिलीवर नेलं आणि दुसऱ्या दिवशी फॉस्फेटचा रिपोर्ट आला, १.४. सुरू करायच्या आधी २.७ होतं. पोटॅशियमही उतरलं होतं, किडनी सुधारत होती तरी एवढं उतरायला नको होतं. घरचे ते दोन आठवडे इथे दिसले. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात साखर आली की इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढून नेतं. थायमिनही झपाट्याने संपतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपासमारीच्या कैद्यांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यातले काही त्या जेवणानंतरच दगावले, तेव्हापासून वैद्यकशास्त्राला हे माहीत आहे. फॉस्फेट पडलं की स्नायूंना ताकद मिळत नाही, आणि श्वासाचा पडदाही स्नायूच आहे. व्हेंटिलेटर काढायच्या बेतात असलेल्या पेशंटला हे परवडत नाही.

अशा वेळी फीड पूर्ण बंद करायचं नसतं, पण वाढवायचंही नसतं. ताशी २० कॅलरींवर दोन दिवस रोखून धरलं, फॉस्फेट शिरेतून दिलं, तिन्ही क्षार रोज दोनदा तपासले. हे रोखणं अभ्यासातून आलेलं आहे. २०१५ मध्ये ३३९ पेशंटवर प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असं रोखलेल्या गटात दोन महिन्यांनी जास्त लोक जिवंत होते. मुलाला सांगितलं, तर तो कळवळून म्हणाला, "मॅडम, आता तर बीपी पण बरं आहे, मग अजून चार चमचेच?" त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. त्याला रिपोर्टचे दोन्ही कागद शेजारी धरून दाखवले. घरी आई जेवत नव्हती हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं म्हणून आम्ही फॉस्फेट वेळेत तपासलं, हेही सांगितलं. ते खरंच होतं.

फीड कुठलं, यावरही घरच्यांचं लक्ष होतं. घरी डाळीचं पाणी, तांदळाची पेज, दूध मिक्सरमधून काढून गाळून आणतो, असं बहुतेक घरं म्हणतात. स्थिर पेशंटला, घरी नेलेल्या पेशंटला ते नीट शिकवून देता येतं आणि मी देतेही. पण या अवस्थेत नाही. गाळण्यात प्रथिनं चोथ्याबरोबर जातात, किती गेली कळत नाही, आणि बारीक नळीतून तासन्‌तास थेंब थेंब जाणाऱ्या घरच्या मिश्रणात जंतू वाढतात. पावडर कालवलेलं फीडसुद्धा आम्ही चार तासांच्या वर टांगून ठेवत नाही. मुलाने विचारलं, "त्यात अंडं तर नाही ना?" नव्हतं. दुधातली प्रथिनं, मक्यापासूनची साखर, तेल, जीवनसत्त्वं. मधेच एकादशी आली. मक्याचं चालेल का, ही त्याची खरी अडचण होती. मी त्याला काही समजवायला गेले नाही. त्याने गावातल्या महाराजांना फोन लावला. ते म्हणाले, दवाखान्यात नळीतून जातं ते औषध, निर्धास्त द्या. तो प्रश्न मिटला.

क्षार सावरल्यावर आम्ही पुढे निघालो. ४८ किलोला २५ कॅलरींच्या हिशेबाने दिवसाला १,२०० कॅलरी आणि सुमारे ६२ ग्रॅम प्रथिनं, हे टप्प्याटप्प्याने गाठायचं. प्रथिनं जास्त ओतली की स्नायू वाचतील असं पूर्वी वाटायचं. २०२३ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात किलोमागे २.२ ग्रॅम आणि त्याहून जास्त देऊनही फायदा दिसला नाही. किडनी बिघडलेल्यांना तर नुकसान होत असावं असं दिसलं. म्हणून मी १.३ वरच राहिले.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग येतो ती सांगते. अस्थिर असताना फीड थांबवणं हा उपचार असतो. पेशंट स्थिर झाल्यावर फीड थांबतं ते मात्र बहुतेक वेळा नुसतं राहून गेलेलं असतं. सीटी स्कॅनला नेताना पंप बंद, परत आल्यावर सुरू करायला अर्धा दिवस. अंघोळीला पलंग सपाट केला, पंप बंद. व्हेंटिलेटरची ट्यूब काढून बघायची म्हणून पहाटेपासून फीड बंद, मग ते दुपारवर ढकललं, मग उद्यावर. अ‍ॅस्पिरेट १८० मिली आलं, म्हणजे नळीने ओढल्यावर पोटातून तेवढं परत निघालं, की कोणीतरी घाबरून बंद केलं. सहा तासांत ५०० मिलीच्या आत असेल आणि पोट मऊ असेल, उलटी नसेल, तर थांबायचं कारण नाही. फार तर पोट पुढे रिकामं व्हायला मदत करणारं मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिन देऊन पाहावं. चार्टवर "ताशी ५० मिली" लिहिलेलं असतं म्हणून सगळ्यांना वाटतं पेशंट जेवतोय, आणि चोवीस तासांची बेरीज केली तर निम्मंही गेलेलं नसतं. त्यामुळे स्थिर पेशंटला मी तासाचा दर न लिहिता दिवसाचा आकडा लिहिते: १,२०० मिली, रात्री बारापर्यंत. तीन तास बुडाले तर उरलेल्या तासांत सिस्टर दर वाढवून भरून काढतात. शॉकमधल्या पेशंटला हे कधीच करायचं नाही, तिथे बुडालेलं बुडालं. रोज सकाळी मी आदल्या दिवसाची बेरीज लाल शाईने लिहिते, आणि राउंडला मोठ्याने वाचते.

जुलाब झाले की पहिला आळ फीडवर येतो. आजींनाही झाले. औषधांची यादी पाहिली तर सॉर्बिटॉल घातलेलं पातळ औषध आणि तीन अँटिबायोटिक्स, दोन्हींनी जुलाब होऊ शकतात. एक सिरप बदललं, शौच तपासणीला पाठवलं, फीड चालू ठेवलं.

व्हेंटिलेटर निघाला त्या दिवशी घरचे सगळे आनंदात होते आणि मी काळजीत. आपल्याला वाटतं, तोंड मोकळं झालं म्हणजे आता जेवतील. बरेच दिवस नळी राहिलेल्या घशाला गिळायचं भान राहत नाही, आणि सगळ्यात धोका साध्या पाण्याचा, कारण ते पटकन निसटतं. नाकातली नळी ठेवली. स्पीच थेरपिस्टने आधी चमचाभर दाट पदार्थ देऊन पाहिला, मानेवर बोटं ठेवून गिळण्याची हालचाल तपासली, नंतर आवाज ओलसर होतोय का ऐकलं. दोन दिवसांनी मऊ वरण-भात घोटून, त्यावर तूप. आजींनी चार चमचे खाल्ले आणि मान फिरवली. चवच नाही म्हणाल्या. वॉर्डात नेताना नळी काढायची घाई झाली होती, मी ती अडवली. तोंडाने गरजेच्या निम्म्याहून जास्त जायला लागेपर्यंत रात्रीचं फीड नळीतून चालू ठेवलं. आयसीयूत मिळालेलं पोषण वॉर्डात हरवतं, कारण तिथे पंप नसतो, बेरीज करणारं कोणी नसतं, आणि ताट झाकलेलं परत गेलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मुलाला वही दिली. किती चमचे, किती वाजता, एवढंच लिहायचं. त्याने ती इमानदारीने लिहिली.

घरी जाताना वजन ४३ भरलं. सूज उतरली तसं खरं नुकसान दिसलं. मांड्या अगदी सुकलेल्या. आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सरासरी १७ टक्क्यांहून जास्त घटतो, असं २०१३ च्या एका अभ्यासात अल्ट्रासाउंडने मोजलेलं आहे. नुसत्या खाण्याने तो परत येत नाही, चालावं लागतं, उठबस करावी लागते, आणि त्याच्या जोडीला प्रथिनं. फिजिओथेरपिस्टने व्यायाम लिहून दिले, मी शेजारी खाणं लिहिलं.

पहिल्या तपासणीला आजी स्वतःच्या पायांनी आत आल्या, माळ गळ्यात. माझ्याशी त्यांना एकाच विषयावर बोलायचं होतं. "बाई, एकादशी धरू का आता?" मी तीन महिने नको म्हणाले. त्या महिन्यातली एक तरी हवीच म्हणून अडून बसल्या. शेवटी ठरलं की एक धरायची, पण निर्जळी नाही आणि नुसती साबुदाण्यावर तर मुळीच नाही. सकाळी पेलाभर दूध आणि राजगिरा, दुपारी वरीचा भात आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, चार वाजता दही, रात्री पनीर किंवा पुन्हा दूध. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यात १२-१३ ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच पनीरमध्ये ९ च्या आसपास, पेलाभर दुधात ८. बाकीच्या दिवशी रोज ५५ ते ६० ग्रॅम. आजींनी मुलाला सगळं पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं, पनीर त्यांना आवडत नाही म्हणून त्या जागी आणखी एक वाटी दही आणि मूठभर शेंगदाणे लिहून घेतले, आणि मी कागदाच्या खाली लिहिलं: पुढच्या महिन्यात वजन ४५.